फाटकावरचा आवाज

रेल्वेच्या एका कार्यालयाने आमच्या भागातल्या रेल्वेच्या इतिहासाची पुस्तिका छापायला घेतली, आणि तिचा कच्चा मजकूर माझ्या हाती लागला. त्यात एक ओळ होती : ‘त्या काळी फाटकांवर सगळे पुरुषच असत.’ माझं डोकंच फिरलं! माझ्या आईने निफाडकडच्या फाटकावर एकवीस वर्षं काढली, ती पुरुष कधी झाली?

इंदिरानगरच्या घरातूनच फोन लावला. पुस्तिकेचे साहेब फार नम्र. म्हणाले, “ताई, तुमच्या आईंच्या पेन्शनच्या कागदावर पद ट्रॅकमन आहे, म्हणजे रुळांच्या देखभालीचं. फाटकावर होत्या याचा पुरावा नाही. कुणाची तरी लेखी साक्ष आणा. परवा छापायला जातंय.”

आई म्हणाली, “मास्तर हायेत ना, मनमाडला. पण त्यांनी मला कधी पाह्यलं नाय.” ते तेव्हा शेजारच्या स्टेशनचे मास्तर होते. गाडी यायची झाली की त्यांचा फोन यायचा. आई फाटक लावून एक गुप्त आकडा सांगायची, मास्तर तो लिहून परत वाचून दाखवायचे, तेव्हाच सिग्नल पडायचा. एवढीच ओळख.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गाडी धरली. आई ठेवणीतली साडी नेसून खिडकीत बसली. फाटक दिसलं की “बंद हाय!” म्हणून मला कोपर मारायची. मला हसू येत होतं.

घरी पोचलो तर मास्तर वयाने खूप थकले होते. मी सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, “आठवत नाही हो. कितीतरी फाटकं होती.” मी रडकुंडीला आले.

आईने मला बाजूला सारलं, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “फाटक बंद हाय साहेब! नंबर घ्या, चार सात!”

मास्तर ताडकन उठले. “अगं, बाहेर ये!” त्यांनी बायकोला हाक मारली. “फाटकवाल्या बाई आल्यात! पावसापाण्यात कधी आवाज चुकला नाही यांचा!” मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

ते लगेच लिहायला बसले. एक ओळ लिहून थांबले आणि ओशाळून म्हणाले, “बाई, इतकी वर्षं बोललो आपण. तुमचं नाव काय हो?”

आईने स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं. मास्तरांनी पेन खाली ठेवल्यावर म्हणाली, “आता वाचून दाखवा.”