टाचणीबाईंचा पूल

त्या शिवणकाम करायच्या आणि बोलायच्याही तसंच, टोचेल असं. म्हणून गल्लीने त्यांचं नाव टाचणीबाई ठेवलं. नाल्यावरच्या पुलाचा कठडा तुटला, फळ्या कुजल्या, तरी पालिका ढिम्म. एका रात्री कामावरून परतताना बाईंची नणंद तिथे घसरली आणि मनगट मोडून घरी आली. बाई भडकल्या, "कुणीतरी पालिकेत जाऊन यांचे कान उपटायला हवेत!"

"मग तूच जा की," वन्सं म्हणाल्या.

वन्सं पालिकेच्या सायंदवाखान्यात नर्स होत्या. दिवसभर राबून येणाऱ्या बायकांना त्या वेळी दुसरं दार उघडं नसायचं, त्यामुळे वन्संचा शब्द घराघरांत चाले. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्या निवडणुकीत उंबरे झिजवत फिरल्या आणि वहिनीला नगरसेविका करूनच थांबल्या.

अंदाजपत्रकाच्या सभेआधीच बाईंना कळलं, तिजोरीत खडखडाट आहे. तिथली रीतही अजब होती. नवं काम मागायचं, तर त्याचे पैसे कोणत्या जुन्या कामातून काढायचे तेही सुचवायचं. म्हणजे एकाची बाही उसवून दुसऱ्याला ठिगळ. लेखाधिकारी मात्र गोड हसले. "बाई, तुम्ही सूचनेवर नुसती सही करा. पैशांचं मी बघतो."

गिऱ्हाइकाच्या कापडाला दोनदा माप घेतल्याशिवाय कात्री न लावणाऱ्या बाईंनी सही ठोकून दिली. पुलाच्या आनंदात त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं.

सभेत सचिव विषयांचे नुसते क्रमांक वाचत होते. क्रमांक आला की बाकं वाजायची, वाजली की मंजूर. वाद घालायची कुणाची इच्छा नव्हती, सगळ्यांचे डोळे चहाकडे. बाईंचा क्रमांक आला तेव्हा त्यांनी तळहात लाल होईस्तोवर बाक बडवलं. वर प्रेक्षकांत बसलेल्या गल्लीतल्या बायकाही खूश झाल्या.

चहाच्या वेळी बाईंनी लेखाधिकाऱ्यांना सहज विचारलं, "काढलेत कुठनं पैसे?"

"सायंदवाखाना बंद केला. नाहीतरी सकाळचा आहेच." त्यांनी कपात बिस्किट बुडवलं. "सूचना तुमच्याच सहीची. आता ठराव झाला."

सभा पुन्हा बसताच बाई उभ्या राहिल्या आणि विषय परत घ्या म्हणाल्या. नगराध्यक्ष वयस्कर होते, चिडले नाहीत. "घेऊ की. तुमची सूचना मागं घ्या. पण मग पूलही गेला. सोडताय पूल?"

वरच्या बायका वाकून बघत होत्या. त्यांची पोरं रोज त्या कुजक्या फळ्यांवरून शाळेत जायची. त्याच बायका रात्रीच्या तापाला वन्संकडे धावायच्या. पूल हवा म्हणावं तरी पाप, नको म्हणावं तरी पाप. आयुष्यात पहिल्यांदाच टाचणीबाई कुणाला न टोचता खाली बसल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, लेखाधिकाऱ्यांपेक्षाही स्वतःची जास्त.

"पुढचा विषय," नगराध्यक्ष म्हणाले, आणि बाकं वाजली.

घरी बातमी आधीच पोचली होती, पण अर्धीच. वन्संनी दारातच वहिनीला मिठी मारली. नीट न जुळलेलं मनगट हलवून दाखवत म्हणाल्या, "जिंकलीस गं! आता दवाखान्यातनं घरी येताना जीव मुठीत धरायला नको."

बाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. गोड बोलून सांगणं त्यांना कधी जमलं नव्हतं, आजही जमलं नाही.

"वन्सं, पुलाचे पैसे तुमच्या दवाखान्यातनं काढलेत. दवाखाना बंद होणार. सही माझी आहे."

वन्सं दुखऱ्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"मग आता त्या पुलावरनं मी जाऊ कुठं, वहिनी?"