उलट्या बाजूनं वाचलेला मास्तर

अख्ख्या मराठवाड्यात त्या काळी जपानी जाणणारी माणसं दोनच होती. एक अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पर्यटकांना छत्र्या भाड्यानं देणारा म्हातारा आणि दुसरा मी. म्हाताऱ्याला निदान ‘थांबा’ आणि ‘पाणी’ हे दोन शब्द येत होते, एवढाच काय तो आमच्यात फरक.

माझा मामा पर्यटकांची गाडी चालवायचा. एकदा अजिंठ्याहून परतलेल्या जपानी जोडप्याचं एक पुस्तक मागच्या सीटवर राहिलं. मामानं हॉटेलात चौकशी केली, पण मंडळी सकाळच्या विमानानं निघून गेली होती. म्हणून ते पुस्तक माझ्याकडं आलं. विटेएवढं जाड, रद्दीसारख्या कागदाचं, आत नुसती काळीपांढरी चित्रं. उघडलं तर काय! आत तोच पोरगा होता! दर रविवारी सकाळी अकराला टीव्हीवर हिंदीतून गर्जना करणारा, पुढचा दात तुटलेला. शेजारी त्याचा वेणी घातलेल्या दाढीचा मास्तर आणि समोर तो लोखंडी पंजेवाला दुष्ट. जपानात अशा चित्रकथेला मांगा म्हणतात आणि तीच पडद्यावर हलायला लागली की अॅनिमे. टीव्हीवरची गोष्ट अजून जिथं पोचायची होती, तिथलं सगळं माझ्या मांडीवर होतं. त्या क्षणी मला वाटलं, देवानं पंचांगच पाठवलं.

कव्हरवर नुसता रेघारेघांचा चौकोन आणि मागच्या पुठ्ठ्यावर मोठं रंगीत चित्र. मी म्हटलं, जपानी लोक लई नम्र, चांगलं ते मागं ठेवत असतील. आणि वाचायला बसलो. अक्षर एक कळेना, पण चित्रांना काय भाषा लागते? पहिल्याच पानावर मास्तर रक्तात पडलेला, पोरगा आकाशाकडं तोंड करून ओरडतोय. पुढं पंजा मास्तरच्या छातीत. मग पंजा छातीतून बाहेर आणि जखम गायब! मग मास्तर उभा, डोळ्यांत अंगार. मग बरीच धावाधाव, आणि अगदी शेवटी मास्तर आणि पोरगा पडवीत बसून भात खातायत, दोघंही हसतायत.

झालं. मी पोरांना सांगून टाकलं, “मास्तर पडणार, पण उठणार. त्या लोखंडी पंज्यानं मारतापण येतं आणि जखम ओढून काढतापण येते. तसं तिथं लिहिलंय.”

“लिहिलंय?” कुणीतरी विचारलं.

“स्वच्छ लिहिलंय,” मी म्हटलं.

आम्ही दहा-बारा पोरं रविवारी छावणीत, म्हणजे कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्या एका मित्राकडं जमायचो. त्याच्याकडं इन्व्हर्टर होता, त्यामुळं लोडशेडिंगमध्येही टीव्ही चालायचा आणि म्हणून तो स्वतःला निजाम समजायचा. त्याचं सगळं प्रेम अॅनिमेवर. मी पहिल्यांदा ‘मांगा’ म्हटलं तेव्हा तो म्हणाला, “मांगा? किसने मांगा बे?” आणि पोरं आठवडाभर हसली.

त्याच्या उलट माझा जिवलग दोस्त. गुलमंडीत आमच्याच गल्लीत राहायचा, बाप कापडाच्या दुकानात मापं घ्यायचा. दोस्ताच्या हातात पेन्सिल दिली की कागद श्वास घ्यायला लागायचा. हे मी फुगवून सांगत नाय. बाकी सगळं फुगवतो, हे नाय. त्याच्याकडं एक वही होती, दोनशे पानांची, दोन वर्षं भरलेली. बारावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजात जायचं तर तिथं दाखवायला त्याच्याकडं ती एवढीच. बापानं सांगितलं होतं, “वही बघून घेतलं त्यांनी तर जा. नाय घेतलं तर दुकानात ये.” माझ्या पुस्तकातली पानंच्या पानं त्यानं त्या वहीत उतरवली होती, मी सांगितलेल्या क्रमानं.

एका रविवारी छावणीवाला आणि दोस्त भिडले.

“तुझ्या पुस्तकात आवाज नाय, रंग नाय, गाणं नाय,” छावणीवाला म्हणाला. “मुर्दा आहे ते.”

“तुझ्या टीव्हीवर रक्त घामासारखं दिसतं,” दोस्त म्हणाला. “कापून कापून दाखवतात. पुस्तकात एक काळं पान आहे, अख्खं काळं, कोपऱ्यात फक्त एक डोळा. ते तुझ्या टीव्हीला जन्मात जमणार नाय.”

“हौ का? मग लाव शर्त. ह्या लढाईत मास्तर गेला तर तुझी वही माझी. नाय गेला तर माझ्या अॅनिमेच्या सगळ्या सीड्या तुझ्या.”

दोस्तानं माझ्याकडं बघितलं. फक्त बघितलं. मी मान हलवली. अशी हलवली, जणू जपानच्या राजानंच विचारलंय.

“लागली,” दोस्त म्हणाला.

तेवढ्यात छावणीवाल्यानं एक शंका काढली. “पण तो भात तर टीव्हीवर लढाईच्या आधीच झाला बे. दोन महिने झाले.”

“जिंकल्यावर माणूस परत जेवत नाय का?” मी ठासून म्हटलं. सगळे परत टीव्हीकडं वळले. पण ते भाताचं शीत माझ्या घशात अडकलं ते अडकलंच.

आता लढाई सुरू. पुस्तकात पंजा उगारण्यापासून छातीत घुसण्यापर्यंत पानं किती? दोन. मी मोजली होती. टीव्हीवर पहिला रविवार पंजा वर जाण्यातच गेला. मध्येच दुष्टाला त्याचं बालपण आठवलं. मग त्याच्या पंज्याला त्याचं बालपण आठवलं. दुसऱ्या रविवारी पंजा वरच. वारा सुटला, पानं उडाली, कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकाचा चेहरा आळीपाळीनं दाखवला, त्यात एक म्हैसही होती बहुतेक. डबिंगवाल्या दुष्टानं एवढा वेळ हसून दाखवलं की आमच्यातल्या एकाला दमा उठला. पंजा मात्र खाली येईना. पुस्तकात आपण पान उलटतो तेव्हा मारणारा हात आपलाच असतो. टीव्हीवर दुसऱ्याच्या हाताची वाट बघत बसायचं. वाट बघताना दोस्त वही मांडीवर घट्ट धरून बसायचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मध्ये आबांनी पुस्तक हातात घेतलं.

आबा म्हणजे माझे चुलत आजोबा. त्यांचं शिक्षण उर्दूत सुरू झालं होतं. पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा ते चौथीत होते. ते सांगायचे की एका सुट्टीत शाळा उर्दूची मराठी झाली, पाटीची उजवी बाजू डावी झाली आणि पुढं वर्षभर चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली म्हणून त्यांनी मार खाल्ला. पण जुनी लिपी त्यांनी सोडली नाही. जमिनीचे जुने उर्दू कागद वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडं यायचे. भिंग, चष्मा आणि कागद, एवढाच त्यांचा संसार.

त्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर आबा भिंग लावून माझं पुस्तक बघत होते. रंगीत चित्राचा पुठ्ठा वर, आणि पानं उलटत होते उजवीकडून. त्यांना त्यात काही वेगळं वाटलंच नव्हतं. हात आपोआप तिकडं गेला होता.

“आबा, उलटं धरलंय.”

“गप रे. सुलटंच आहे.” त्यांनी शेवटचं पान, म्हणजे माझं पहिलं पान, बराच वेळ बघितलं आणि भिंग खाली ठेवलं. “बिचारा. पोराला भात खाऊ घातला आणि गेला.”

“कुठं गेला?” माझा आवाज मांजरीएवढा झाला.

“कुठं जातात? गेला म्हणजे गेला.”

मी पुस्तक घेतलं आणि त्यांच्या बाजूनं उलटलं. भात. धावाधाव. मास्तर उभा. पंजा. छाती. काळं पान. रक्त. सगळं अगदी सरळ होतं. जखम ओढून काढणारा पंजा जगात नव्हता. दोस्ताची वही गेली होती आणि ती मी घालवली होती, एका मानेच्या झटक्यानं.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. त्याचं घर सतरा पावलांवर. सतरा पावलं मी चार दिवस चाललो. एकदा दारापर्यंत गेलो तर तो वहीत मास्तर रंगवत होता, उठून उभा राहिलेला. “दाढीची वेणी बरोबर जमली का रे?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “झकास.” आणि परत आलो. रविवारी छावणीतला टीव्ही बंद पाडायला केबलवाल्याला फोडायचं ठरवलं, तो म्हणाला, “छावणीची लाइन माझी नाय.” मग तिसरा रविवार आला आणि पंजा तिसऱ्यांदाही खाली आला नाही. पुस्तकानं मला एक पान दिलं असतं. टीव्हीनं आणखी सात दिवस दिले, आणि तेही मी भित्रेपणात घालवले.

चौथ्या रविवारी खोलीत चौदा पोरं होती. माझ्या हिशोबानं चारशे. वीज गेलेली, इन्व्हर्टर घुंघुं करत होता, पंखा बंद. दोस्त माझ्या डाव्या हाताला. मी दोनदा तोंड उघडलं. दोनदा शीर्षकगीत मध्ये आलं.

पंजा हलला. खाली आला. मास्तरच्या छातीपासून वीतभर अंतरावर पडदा पांढरा झाला. सगळं चित्र पांढरं. मग डोंगर दिसला, सूर्य मावळताना, दात तुटलेला पोरगा रडतोय, आणि हिंदीतून एक जड आवाज म्हणाला, “गुरुजी चले गए... बहुत दूर... एक लंबी यात्रा पर।” संपलं. जाहिरात. साबण.



“गेला!” छावणीवाला उसळला. “गेला की! वही आण.”

“यात्रेला गेलाय,” दोस्त उभा राहिला. “मेला नाय. रक्त कुठंय? मढं कुठंय?”

“शर्त काय होती? गेला तर! मी मेला म्हटलंच नव्हतं बे.”

“म्हणजे माझा बाप रोज दुकानात जातो, त्याचं तेरावं घालू का?”

पोरं दोन्हीकडून ओरडायला लागली. गेला, नाय गेला, यात्रा, काशी, हिमालय. मग छावणीवाल्यानं हात वर केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. “ह्यालाच विचारा. जपानी येतं ना. बोल, पुस्तकात काय आहे? त्यावर फैसला.”

सगळे चेहरे वळले. दोस्ताचा सगळ्यात आधी, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. ह्याच्याकडं फैसला आला म्हणजे वही वाचली. मला फक्त ‘यात्रा’ म्हणायचं होतं. एवढा सोपा खोटेपणा माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. जीभ तयार होती. पण डोळ्यांपुढं ते काळं पान आलं, कोपऱ्यातल्या एका डोळ्याचं. ते दोस्तानं सात वेळा काढलं होतं, कारण सहा वेळा त्याला ते खोटं वाटलं होतं.

“मेलाय,” मी म्हटलं. “पुस्तकात मेलाय.”

दोस्तानं माझ्याकडं बघितलं नाही. वही उचलली, छावणीवाल्याच्या हातात दिली आणि चप्पल शोधायला लागला. त्याला एकच चप्पल सापडत होती.

“थांब,” मी छावणीवाल्याला म्हटलं. “वही परत दे. पुस्तक घे. माझं पुस्तक तुला.”

“मुर्दा पुस्तक घेऊन काय करू?” तो म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “घेतो. पण एक सांग. आधी ‘उठणार’ म्हणालास, आता ‘मेला’. तुला जपानी येतं का नाय?”

इथं माझी सगळी इस्टेट होती. पोरं मला ‘सेन्सेई’, म्हणजे जपानीत मास्तर, म्हणायची, भिंतीला टेकायची जागा माझी होती, आणि कॉलेजात तीन मुली माझ्याकडून जपानीत स्वतःचं नाव लिहून घेत. मी त्यांना पुस्तकातली कुठलीही तीन अक्षरं लिहून द्यायचो.

“नाय येत,” मी म्हटलं.

“मोठ्यांदा.”

“नाय येत! एक अक्षर नाय येत. पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं, मी डावीकडून वाचलं. मेलेला मास्तर मी उठवून बसवला.”

जे हसणं उठलं ते शपथेवर सांगतो, दौलताबादच्या किल्ल्यावर ऐकू गेलं. कुणी गादीवर लोळलं. कुणी माझं नाव शेवटच्या अक्षरापासून उलटं करून हाक मारली. छावणीवाला हसता हसता खाली बसला, डोळे पुसले, आणि वही दोस्ताच्या अंगावर फेकली. “घे. असल्या माणसाच्या भरवशावर लावलीस ना, तीच सजा बस आहे तुला.”

पुस्तक त्यानं ठेवून घेतलं. पोरं सांगायची की पुढं कितीतरी दिवस तो ते उजवीकडून उलटत बसायचा, टीव्ही बंद करून. पण ही ऐकीव गोष्ट, आणि ऐकीव गोष्टींबद्दल मी सावध झालोय.

छावणीपासून गुलमंडीपर्यंत आम्ही चालत आलो. ऊन टाळूवर.  मी बोलायला लागलो की दोस्त पावलं वाढवायचा. गल्लीच्या तोंडाशी तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि वही उघडली. अगदी शेवटच्या पानावर, माझ्या गोष्टीचा शेवट म्हणून, त्यानं भाताचं चित्र काढलं होतं. पडवी, दोन वाट्या, वाफ, हसणारे दोघं.

“कधीपासून माहीत होतं?”

“दोन रविवार.”

त्यानं मान हलवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो त्या वाफेवरून बोट फिरवत राहिला.

“म्हणजे भात आधीच झाला होता.”

“व्हय.”

“मास्तरला माहीत होतं का रे, हे शेवटचं जेवण आहे?”

मला दहा उत्तरं येत होती, सगळी झकास. मी म्हटलं, “मला नाय माहीत. आबांना विचारू.”

तो उठला. माझ्यासाठी थांबला नाही, पण आमच्याच जिन्याकडं वळला, वही काखेत धरून. वर पोचलो तेव्हा तो आबांच्या समोर मांडी घालून बसला होता आणि आबा चष्म्याची काडी कानामागं अडकवत म्हणत होते, “दाखव. पण ह्या बाजूनं उघड.”