इंजेक्शनच्या आधीचे फोटो

कल्लाप्पाअण्णांच्या किडनीचा सीटी स्कॅन करताना मी साधे फोटो घ्यायचेच विसरलो आणि थेट डायचं इंजेक्शन देऊन मोकळा झालो. फोटो झकास उजळले, म्हणून स्वतःवर खूशही होतो.

बंगळुरात जयनगरच्या आमच्या सेंटरमध्ये स्कॅन वाचतात त्या डॉक्टर शुभदाक्का, मूळच्या निपाणीच्या. मला 'तम्मा' म्हणजे धाकटा भाऊ म्हणतात; मराठीत रागावतात, कन्नडमध्ये माफ करतात.

"तम्मा, ही गाठ कॅन्सरसारखी दिसते खरी. पण आत चिमूटभर चरबी असली, तर बहुतेक निरुपद्रवी. तू दिवाळीची रोषणाई केलीस आणि मला म्हणतोस, यात पणती शोधा."

"सर्जन तर किडनी काढायची म्हणतायत."

"म्हणूनच अण्णांना उद्या परत बोलव. डाय उतरू दे."

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला येलहंक्याहून पुन्हा यायचं म्हटल्यावर अण्णा वैतागले. अक्का बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसल्या. "चूक आमची आहे, अण्णा. स्वल्प त्रास घ्या. न दिसलेलं लिहायची मला सवय नाही." 'आमची' म्हणाल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी साध्या फोटोंत गाठीच्या कडेला चरबीचा काळा ठिपका सापडला. अशी गाठ आमच्याकडे क्वचितच येते. अक्कांनी सर्जनना फोन केला, ऑपरेशन थांबलं आणि गाठीवर नुसती नजर ठेवायचं ठरलं. अण्णा घरी निघाले, तोवर अक्का पुढच्या माणसाचं पोट वाचत होत्या.

"तुमच्यासाठी काय करू, अक्का?"

"गावाकडून भडंग आण. सरी? चालेल?"

त्यानंतर दोनदा गावी, जयसिंगपूरला जाऊन आलो. भडंग दोन्ही वेळा परतीच्या बसमध्ये हुबळीपर्यंतच टिकलं.