खाटेखालचा सदरा

आज सकाळी आमच्या राजपुऱ्याच्या गल्लीतून कुणी फवारणीचा पंप नेला. त्या उग्र वासाने माझ्या दवाखान्यातला एक जुना रुग्ण आठवला.

तो डोईफोडिया गावचा, कापूस पिकवणारा शेतकरी. फवारणीचे विष अंगात भिनले होते. चार दिवसांत बरा होऊन घरी गेला. त्याच संध्याकाळी बायकोने त्याला परत आणले. अंग घामाने निथळत होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, श्वास अडत होता.

त्याने विष घेतले, असे मी धरून चाललो आणि बायकोला विचारले, "घरात भांडण झालं का? खरं सांग."

"भांडण कशाचं, साहेब? दवाई नाही पिला तो. फवारताना होता तोच सदरा घालून इथून घरी आला. तुमच्याच खाटेखाली घडी करून ठेवला होता. वास घेऊन पाहा ना."

मी वास घेतला. सदऱ्यातले विष कातडीतून पुन्हा अंगात जात होते. सदरा कापून काढला, अंग साबणाने धुवून घेतले, इंजेक्शने पुन्हा सुरू केली. दुसऱ्या दिवशी त्याने पाणी मागितले.

पुढे अनेक वर्षे नव्या डॉक्टरांची परीक्षा मी हीच केस सांगून घेतली. रुग्ण पुन्हा का बिघडला, हे क्वचितच कुणी ओळखे. मी उत्तर सांगितले की ते माझ्याकडे आदराने पाहत. उत्तर त्या बाईचे होते, हे आज प्रथमच लिहितो आहे.