खिदिरपूरचे फौजदार

आमचे फौजदार गाडी थांबवायचे ते हनुवटीने. हात वर नाही, शिट्टी नाही. चौकाच्या मधोमध उभे राहून ड्रायव्हरकडे नुसतं बघायचे आणि हनुवटी जराशी वर उचलायचे, की गोदीतून निघालेला अवाढव्य ट्रेलरसुद्धा जागच्या जागी उभा राहायचा. कलकत्त्यातल्या वाहतूक सार्जंटांचा गणवेश पांढरा असतो. खिदिरपूरच्या धुरात आणि धुळीत तो दिवसभर पांढरा कसा राहतो हे मला कधी समजलं नाही. एक कारण बहुधा असं, की ते कशालाही टेकायचे नाहीत. खांबाला नाही, स्वतःच्या मोटरसायकलला नाही, आणि लोकांच्या मळक्या गाड्यांना तर मुळीच नाही.

फौजदार हे नाव बाबांनी दिलेलं. बाबा सातारच्या कोर्टात शिरस्तेदार होते. कमरेला रुंद पट्टा आणि खांद्यावर चकचकीत बिल्ले दिसले, की त्यांच्या लेखी तो फौजदार. मग गाव सातारा असो की कलकत्ता. मीही तेच म्हणू लागले. छातीवरच्या पट्टीवर त्यांचं नाव लिहिलेलं असायचं. मी ते शंभरदा वाचलं असेल, पण आमच्या घरात ते कुणी उच्चारल्याचं आठवत नाही.

माझी बँक खिदिरपूरला आणि बँकेने दिलेलं घर सॉल्ट लेकला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आई गेल्यावर बाबांना मी इकडे घेऊन आले. आले तेव्हा विसरभोळे होते, वर्षभरात त्यांचं सगळंच पुसट होत गेलं. त्यातून एक विचार तेवढा ठळक उरला: आपल्याला अटक झाली आहे. आयुष्यभर लोकांच्या जामिनाची कामं पाहिलेला माणूस, आता स्वतःच्या जामिनाची वाट बघत बसायचा. मी त्यांची मुलगी आहे हे त्यांना क्वचितच आठवे. एरवी मी कोठडीवरची पहारेकरीण. मला ते 'बाई' म्हणत आणि अहोजाहो करत. "बाई, गुन्हा काय तेवढा तरी सांगा," असं ते सकाळी चहाच्या वेळी विचारत.

त्यांना घरी एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. बँकेजवळ एक निवृत्त नर्सबाई दिवसा चार-पाच म्हाताऱ्या माणसांना सांभाळत. सगळे त्यांना माशी म्हणत, म्हणजे आपली मावशी. बाई मायाळू, पण एका गोष्टीत कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, की शांत आले तर ठेवीन, ओरडत आले तर दारातूनच परत पाठवीन, कारण एक ओरडला की बाकीचे बिथरतात. म्हणजे बाबा रस्त्यात बिथरले की माझी रजा. रजा संपत आली होती. आणि ती संपली की पुढे काय, हे दादाने पुण्यात बसून ठरवून टाकलं होतं. वाईजवळच्या एका संस्थेचं वर्णन तो दर रविवारी फोनवर करायचा. बाग आहे, भजन असतं, आणि फाटकाला चांगलं कुलूप आहे.

थोडक्यात, बाबा शांत पोचतात की नाही, यावर ते माझ्याजवळ राहणार की नाही हे अवलंबून होतं. आणि ते पोचायचे खिदिरपूरच्या चौकातून.

त्या चौकात सुटका नसते. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला मिनीबस, आणि कधी गोदीत जहाज घ्यायला पूल उचलला तर बघायलाच नको. गाडी थांबली की बाबांना वाटे, कोर्ट आलं. मागच्या दाराला मी लहान मुलांचं लॉक लावून ठेवत असे. नाहीतर ते चालत्या गाडीतून उतरले असते. दार उघडेना की ते काचेवर दोन्ही हातांनी थापा मारायचे आणि ओरडायचे, "सोडा! मला सोडा!" शेजारच्या बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघायची. माझी गाडी महाराष्ट्राच्या नंबरची, मागे काचेआड एक म्हातारा, आणि पुढे मी समोर बघत बसलेली. कुणी काय समजावं?

अशाच एका सकाळी फौजदारांची हनुवटी माझ्याकडे बघून वर झाली. मी गाडी कडेला घेतली. ते सावकाश आले, हातमोज्यांचं एकेक बोट ओढत मोजे काढले, गॉगल खिशात ठेवला आणि मागच्या काचेतून बाबांकडे बराच वेळ बघितलं. आत बाबा "सोडा, सोडा" करतच होते. मग ते माझ्याकडे वळून त्यांच्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाले, "मॅडाम, आपका दिल में दया नहीं है? बुढ़ा आदमी इतना गरमी में सोडा माँगता है, आप काच बंद करके बैठा है?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसावं की रडावं ते समजेना. फौजदारांनी पलीकडच्या लिंबू-सोड्याच्या गाड्यावर हनुवटी उडवली. सोड्याची बाटली फोडल्याचा आवाज आला, मी मागची काच खाली केली आणि काळं मीठ घातलेला फेसाळता ग्लास खिडकीतून बाबांच्या हातात पडला. बाबांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग ग्लासकडे. सरकारी माणसाने दिलेली वस्तू नाकारायची नाही, ही त्यांची जन्माची सवय. ते निमूट प्यायले, मोठा ढेकर दिला आणि गप्प बसले. "देखा?" फौजदार म्हणाले.

मी काय सांगणार होते? ते सोडा मागत नाहीयेत, माझ्यापासून सुटका मागताहेत, हे? त्यापेक्षा बापाला तहानलेला ठेवणारी मुलगी ठरणं सोपं होतं. पुढे दोन आठवडे हेच चाललं. बाबा सुटका मागायचे, फौजदार सोडा पाजायचे. बाबा माशींकडे शांत पोचायचे, हे मात्र खरं.

फौजदारांना घाई या गोष्टीचा मनापासून तिटकारा होता. कुणी हॉर्नवर हात ठेवला, की ते त्याच्या खिडकीशी जाऊन अगदी प्रेमाने विचारायचे, "एतो ताडा किशेर?" एवढी घाई कसली? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभे राहायचे. मलाही एकदा विचारलं. बँकेत ऑडिटवाले आले होते, मी पांढऱ्या रेघेच्या पुढे गाडी नेली. मला वाटलं, आता ओळख आहे, सोडतील. संध्याकाळी मोबाइलवर दंडाचा मेसेज. दुसऱ्या दिवशी मी जरा फुगूनच होते. ते म्हणाले, "दादू अलग है, लाइन अलग है." दादू म्हणजे आजोबा, म्हणजे बाबा. आम्ही मासे खात नाही हे कळलं तेव्हा मात्र ते माझ्याशी बरेच दिवस हळुवार वागले. अशा घरात म्हाताऱ्याचं डोकं फिरणारच, असं त्यांना वाटलं असावं.

मग एके दिवशी बाबांनी सोड्याचा ग्लास बाजूला सारला आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "फौजदारसाहेब, माझ्या जामिनाचं काय झालं?"

फौजदारांच्या कपाळावर आठी पडली. बाकी मराठी त्यांना कळत नव्हतं, पण जामीन बंगालीतही जामीनच. "जामीन? किस केस का जामीन?" ते माझ्याकडे वळले, आणि आवाज पहिल्यांदाच पोलिसाचा होता. त्यांनी मागचं दार बाहेरून उघडलं आणि आतल्या कडीचा खटका निकामी आहे हे बोट लावून बघितलं. मग मला सगळं सांगावं लागलं. भर रस्त्यात, मोडक्या हिंदीत, मागे हॉर्न वाजत असताना. आजार सांगितला, आई सांगितली, माशी, रजा, दादा, ते कुलूप. 'सोडा' म्हणजे आमच्याकडे काय, हेही सांगितलं. ते ऐकल्यावर फौजदारांनी गाड्यावरच्या बाटल्यांकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

मग त्यांनी एक गोष्ट केली. कशालाही न टेकणारा तो माणूस माझ्या धुळकट गाडीच्या खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून वाकला आणि कोर्टातल्यासारखा गंभीर चेहरा करून म्हणाला, "जामीन काल होबे, दादू. काल."

बंगालीत 'काल' म्हणजे उद्याही. ते उद्या होईल म्हणत होते. बाबांनी ऐकलं ते आपलं मराठी 'काल'. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "काल झाला?" ते म्हणाले. "मग ठीक आहे. हुकूम यायला लागतातच एक-दोन दिवस." आणि मागे टेकून बसले. सरळ उभे राहिले तेव्हा फौजदारांच्या दोन्ही बाह्या कोपरापासून काळ्या झाल्या होत्या.

हा घोटाळा मी कुणालाच उलगडून सांगितला नाही. फौजदार रोज उद्याचा वायदा करत राहिले, आणि बाबांना रोज कालच जामीन मिळत राहिला. मराठी आणि बंगाली माणसाच्या मधल्या त्या एका शब्दाच्या फटीत आमचे कितीतरी महिने निघाले. मी मात्र त्यात अडकलेलीच. सकाळी उठायचं, बाबांना आंघोळ घालायची, दाराचं लॉक तपासायचं, सिग्नल लागला की आरशातून बाबांकडे बघायचं, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. कधीकधी चौकात उभी असताना माझ्याच मनात येई, की आपणही काचेवर थापा माराव्यात. इतकंच, की कुणाला हाक मारून 'सोडा' म्हणायचं ते सुचत नसे.

आता बाबा नाहीत. फौजदारांची त्याआधीच डमडमकडे बदली झाली. निरोपाचं बोलणं झालं नाही, एका सकाळी चौकात दुसराच कुणीतरी जोरजोरात शिट्टी वाजवत होता. आता सांगते ती गोष्ट त्या बदलीच्या काही दिवस आधीची.

त्या दिवशी 'काल' चाललं नाही. बाबा सकाळपासून धुमसत होते. खिडकीशी फौजदार वाकताच ते कडाडले, "काल काल किती दिवस सांगता? जामीन झालेल्या माणसाला आत ठेवता येत नाही, साहेब. हे बेकायदा आहे." आणि पुन्हा थापा सुरू. या अवस्थेत माशी दारातही उभं करणार नव्हत्या, आणि माझी रजा आता एका दिवसाचीही उरली नव्हती. मी स्टिअरिंग धरून नुसती बसले. आता वाई, एवढंच डोक्यात होतं.

फौजदारांना शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्यांनी वळून चारी बाजूंची वाहतूक थांबवली. मग मागचं दार उघडलं आणि हात पुढे केला. "आशुन, दादू," या म्हणाले.

मला उतरता येईना. माझ्या दाराला ट्रेलर घासून उभा, दुसऱ्या बाजूच्या दारात फौजदार. बाबा बाहेर पडले. त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला, आणि फौजदारांचा हात धरून, थांबलेल्या शेकडो गाड्यांच्या मधून, मोकळ्या रस्त्यावरून चालत पलीकडच्या फुटपाथवर गेले. तिथे फौजदारांनी त्यांचा हात सोडला आणि दोन पावलं मागे झाले. बाबा सुटले होते. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. ओळखीचं काहीच नव्हतं. बाबा कुठेही गेले असते, आणि मी काचेतून फक्त बघू शकले असते.

ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांना आमची गाडी दिसली. त्यांनी आपण होऊन फौजदारांचा हात पुन्हा धरला आणि परत निघाले. मागच्या दाराशी नाही, पुढे आले. पलीकडच्या पुढच्या खिडकीशी वाकून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. कितीतरी महिन्यांत असं बघितलं नव्हतं.

"फौजदारसाहेब," ते म्हणाले, "माझं झालं. आता हिचं बघा. ही माझी मुलगी आहे. कधीची आत बसलीय बिचारी. हिला सोडून द्या, हिला मी जामीन राहतो."

फौजदारांनी यातला एकच शब्द ओळखला असणार. पण बाबांचं बोट माझ्याकडे होतं, आणि मी कशी रडत होते तेही त्यांना दिसत होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. टाचा जुळवून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मोन्जूर."

या शब्दाला दोन्हीकडे एकच अर्थ आहे. बाबांनी मान डोलावली, पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसले. मला समोरचं काही दिसत नव्हतं. मागे साऱ्या खिदिरपूरचे हॉर्न वाजत होते. बाबांनी आपल्या हाताने माझा पट्टा ओढून लावून दिला आणि म्हणाले, "रडू नको, बाळ. सावकाश घे."