सुटकेचा दाखला
२०१४ साली मी सत्तरीचा. मुलाकडे सिंगापूरला, वुडलँड्सच्या फ्लॅटात राहायला गेलो होतो, तेव्हा सगळे बोटीनं सेंट जॉन्स बेटावर गेलो. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना पूर्वी तिथं डांबायचे म्हणे, आता लोक डबे घेऊन सहलीला येतात. तारेच्या कुंपणाला खाऱ्या वाऱ्यानं गंज चढलेला, तो वास माझ्या ओळखीचा निघाला. नात तिथल्या इंग्रजीच्या लकबीत म्हणाली, "आजोबा, ओन्ली बॅड पीपल गो टू जेल, लाह!" माझा तुरुंगवास तिच्यापासून लपवणारा मुलगा पुटपुटला, "बाबा, नको." का नको? मी सांगितलंच, "भूमिहीनांना जमीन द्या म्हणून तुझा आजा महिनाभर तुरुंगात होता." ती म्हणाली, "प्रूफ आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी पासपोर्टात जपलेला सुटकेचा दाखला मी फ्रिजवर, तिच्या मार्कांच्या कागदाशेजारी, लोहचुंबकानं लावला.