कोरा कागद दोनदा

बाबू,

समोरासमोर बोलायला गेलं की आपलं वाजतं आणि तू उठून गॅलरीत जातोस. म्हणून लिहितेय. तुझीच गोष्ट तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. मध्ये बोलू नकोस.

एक मेकॅनिक होता. इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या कचेरीत आठ वर्षं कंत्राटावर प्रिंटर सांभाळायचा. खिशात कायम भिंग, म्हणून त्याचं नाव पडलं भिंगोबा. छापलेल्या नकाशावर भिंग धरायचा. भिंतीच्या दोन रेघांमध्ये केसाएवढी फट दिसली तर ठीक, रेघांना मिशा फुटलेल्या दिसल्या की पान रद्दीत.

“लग्नाच्या वेळी लावलं होतंत का हो भिंग?” शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाई चिडवायच्या.

“नव्हतं ना, म्हणून तर आता सोडत नाही.”

कचेरीचा कागद जिन्याखालच्या खोलीत, स्वच्छतागृहाच्या भिंतीला टेकून ठेवलेला. तो ओल धरायचा. दमट कागदावर टोनर नीट बसत नाही, रेघेच्या कडा पसरतात. भिंगोबाने कागदासाठी दुसरी जागा मागितली. एकदाच, तीही तोंडी. कुणी मनावर घेतलं नाही. शहाण्या माणसाने लेखी मागितली असती. हा काय करायचा? सगळ्यांच्या आधी येऊन कोरा कागद दोनदा गरम मशीनमधून काढायचा. कागद सुकायचा, मग त्यावर नकाशे. रेघ सुईसारखी! आणि ओल आहे हे आठ वर्षं कुणालाच कळलं नाही.

मग नवे साहेब आले. एका सकाळी लवकर टपकले.

“हे कोरे कागद कशाला फिरवताय? मशीनची मालिश?”

“कागद दमट आहे साहेब, सुकवतोय.”

“आठ वर्षं नव्हता दमट, आजच झाला? बंद करा हे.”

बंद केलं. आठवड्याभरात भिंती एकमेकींना चिकटल्या, इंग्रजी तीनचा आठ दिसू लागला. हा सांगतोय ओल, ते म्हणतायत मशीन बिघडवलंस. पूर्वीचे सुबक नकाशेच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे. महिन्याच्या शेवटी कंत्राट संपत होतं. नव्याने सही होणार नाही, असं तोंडावर सांगितलं.

तेव्हा तो थोरल्या बहिणीकडे आला. ती त्याच कचेरीतून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झालेली. त्याच्या हातात कोरड्या कागदाचा नवा गठ्ठा.

“ताई, तुझा शब्द तिथे अजून चालतो. एक नकाशा ह्यावर काढ, एक त्यांच्या कागदावर. मशीन तेच. दोन्ही साहेबांपुढे ठेव. मला काही बोलायचंच नाही.”

“सोमवारी जाते,” ती म्हणाली.

सोमवारी गुडघा दुखत होता, हे खरं. मंगळवारी नव्हता दुखत. जिथे तीस वर्षं मान वर करून वावरले तिथे भावासाठी पदर पसरायचा, ह्याची लाज वाटली, बाबू. एवढंच होतं. महिना सरला, तुझ्या जागी मशीनच्या कंपनीची माणसं आली. त्यांचं नवं मशीनही तसंच फिसकटलेलं छापतं म्हणे, आणि आता कुणाला त्याचं काही वाटत नाही. तू भिंग नातीला खेळायला देऊन टाकलंस.

गठ्ठा माझ्या कपाटात आहे. वेष्टनसुद्धा फोडलेलं नाही.